बाईच्या दारासाठी चार हत्यारं

मला लिहिता येत नाही. मी सांगते आणि माझ्या भाचीची लेक लिहून घेते. माझी बोली ती शाळेच्या भाषेत बसवते. माणसांच्या तोंडचं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेव, असं मी तिला बजावलं आहे. भाची असती तर हे मी बोलले नसते. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता लपवायचं कोणापासून?

आम्ही दोघी बहिणी. थोरलीला मी बाई म्हणायची. आमचं गाव अमरावतीपासून दोन कोसांवर, बापाची काळी जमीन, घरचा कापूस. मी अंगावर पिणारी असताना माय आजारी पडली, तेव्हा बाईनंच मला कडेवर वागवलं. पुढे तिला अकोल्याला दिली, मला जवळच्याच गावात. माझा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी पटकीनं गेला आणि मी बापाच्या घरी परत आले. लाकडी रुळांच्या रेच्यावर बसून कापसाची सरकी काढायची, हेच माझं काम झालं.

ते तेजीचे दिवस होते. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या कापसाला सोन्याचं मोल आलं असं लोक सांगायचे. आम्हाला त्यातलं काय कळत होतं? एवढंच दिसत होतं की घरोघरी कुलपं आली. आधी आमच्या गावात कडी लावली की झालं, तीही कुत्रं शिरू नये म्हणून. तेजी आली आणि ज्याच्या घरात नुसतं जात आणि उखळ, त्यानंही दाराला कुलूप लावलं.

बाईचा नवरा, आमचा भाटवा, शेतकऱ्याचाच मुलगा. पण त्याचं शेत सुटलं आणि तो अकोल्यात कापसाची अडत करू लागला. माणसं त्याला शेठ म्हणू लागली. बाईला एक मुलगा आणि त्याच्या पाठची मुलगी. मुलगा पाच वर्षांचा झाला आणि देवी येऊन गेला. माय-बाप भेटायला गेले, रडले, परत आले; मी नव्या वैधव्यात घरीच होते. नंतर वर्षभर बाईची खबर आली नाही.

वैशाखात आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी येतात. त्या वर्षी बाई आली नाही. मायचं जेवणात लक्ष लागेना, म्हणून मी चुलत्याच्या गाडीत बसून तिसऱ्या दिवशी अकोल्याला पोचले. बाईच्या सासूनं पाणी दिलं, गूळ दिला, पण बाई कुठं दिसेना.

"बाई कुठी हाये?" मी विचारलं.

म्हातारीनं अंगणाच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथं एक खोली होती, आधी सरकी ठेवायची. दार जाड, वर हातभर झरोका, आणि दाराला माझ्या मुठीएवढं कुलूप.

संध्याकाळी भाटवा आला. मी भांडायच्या तयारीनं बसले होते, पण तोच खाली बसला आणि डोळ्याला धोतराचा सोगा लावला. म्हणाला, "तुमीच सांगा, मी काय करू? पोरगं गेल्यापासून थे बजारात जाते. गाड्या थांबवते. कापसाच्या ढिगात हात घालून पोराले शोधते." मुलगा कापसाच्या ढिगात लपून खेळायचा, ते मलाही माहीत होतं. "शंभर लोकाईसमोर तिचा पदर जाग्यावर नाई. एक डाव बैलाच्या पायाखाली आली. घरात ठेवली तर जिती तरी हाये."

तो खोटं बोलत होता असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण किल्ली त्याच्या कंबरेला होती. दिवाळीपासून बाई त्या खोलीत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी झोपली, तशी मी दाराला तोंड लावलं. "बाई, मी आली."

अगदी जवळून आवाज आला. ती दाराला टेकूनच बसलेली होती. "तुवा केस कापले का गं?" तिनं विचारलं. मी विधवा झाल्यावर ती मला भेटली नव्हती. मी म्हटलं, "नाई, आपल्यात नाई कापत." तिनं हुश्श केलं. मग म्हणाली, "मले भायेर काढ. मी आता नाई जात बजारात. मले समजते पोरगं नाई म्हून. या घरच्याईले सांगून पाह्यलं, कोनी आयकत नाई. तू काढ."

मी हो म्हटलं. कापसाच्या झाडाची वाळलेली काडी कुलपाच्या भोकात घातली आणि कुठवर जाते तिथं नखानं खूण केली. का केली ते तेव्हा मला नीट कळत नव्हतं.

घरी येऊन बापाला सांगितलं. बाप बैलाला पाणी पाजत होता, ते त्यानं पुरं केलं. मग म्हणाला, "दिल्या घरची झाली थे. मी आनली तर उद्या त्याचे लोक येऊन घेऊन जातीन." माय चुलीकडे तोंड करून बसून राहिली.

अमरावतीच्या परकोटाच्या आत, एका वेशीजवळ, एक म्हातारा कुलपं दुरुस्त करायचा. मूळचा अचलपूरचा. त्याचा बाप तिथं तलवारी उजळायचा. हत्यारांचा धंदा बसला आणि मुलगा कुलपांकडे वळला. सरकी काढलेला कापूस पोचवायला मी शहरात जायची, तेव्हा त्याचं दुकान येता-जाता दिसायचं. पेरणीच्या आधी एक दिवस मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"पेटीची चावी हारपली," मी म्हटलं. "कुलूप उघडाचं सामान पाह्यजे."

"पेटी घेऊन ये. उघडून देतो."

"पेटी लय जड हाये."

"मंग मी येतो."

मी परत जायला वळले. मागे त्याची बायको गोधडीला टाके घालत बसली होती. तिनं सुई थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बेटी, खरं सांग. पेटीत कोन हाये?"

मी तिच्यासमोर खाली बसले आणि रडत रडत सगळं सांगितलं. वेशीतून गाड्या जात होत्या, धूळ उडत होती. म्हाताऱ्यानं काम बाजूला ठेवलं.

"दुसऱ्याच्या कुलपाची चावी मी करत नाई," तो म्हणाला. "बापाले शब्द देला हाये."

"चावी नको करू," बायको म्हणाली. "हिच्या हाताले शिकव."

त्यानं दुकानाचं दार अर्धं लोटलं. मग म्हणाला, "चावी करून फायदा बी नाई. हे नवे शेठ दर मोसमात कुलूप बदलून राह्यले. आन चावी सापडली तर पोरीवर चोरीचा आळ. हत्यारं बाईमानसाच्या पानाच्या चंचीत असली तर कोन काय वयखते?" बायकोनं मोबदला ठरवला: तिच्या दोन गाद्यांच्या कापसाची सरकी मी काढून द्यायची.

त्यानं एक गोणपाट पसरलं आणि त्यावर लोखंडाचे पंधरा-वीस तुकडे मांडले. एखादा सुईएवढा, एखादा करंगळीएवढा, एखादा टोकाला वाकलेला. म्हणाला, "तुले वाटते थे घे."

मी बाजारात बांगड्या घ्याव्यात तशी निवडू लागले. सगळ्यात जाड एक घेतलं, कारण कुलूप मोठं होतं. सगळ्यात चकचकीत एक घेतलं. पितळेच्या मुठीचं एक तर हातात आल्यावर सोडवेना. असे आठ-दहा तुकडे मी ओच्यात गोळा केले.

त्यानं ते सगळे परत गोणपाटावर टाकायला लावले. जाड तुकडा दगडाला टेकवून दाबला. तो वाकला आणि तसाच राहिला. "याले तापवून पानी देल्लं नाई," तो म्हणाला. मग काळपट, पातळ, माझ्या नजरेत न भरलेला एक तुकडा दाबला. तो वाकला आणि सोडताच सरळ झाला. "असा पाह्यजे. जाड असला तर भोकातच अडकते, आतलं काई समजू देत नाई. कुलूप मोठं असलं तरी भोक केवढं हाये?"

मी चंचीतून काडी काढली. त्यानं नखाची खूण पाहिली, काडीची जाडी बोटात घेतली. "एवढं बारीक भोक. हे देशी नाई. मुंबईहून आलेलं हाये." माझ्याकडे पहिल्यांदाच तो जरा खूश होऊन बघत होता.

मग त्यानं मला डोळे मिटायला सांगितलं आणि एकेक तुकडा हातात दिला. जो बोटांना टोचत नाही, निसटत नाही, तो ठेवायचा. माझ्या बोटांना काही कळेचना. रेच्यावर काम करून शेंडे घट्ट झाले होते. त्यानं माझा हात उलटा करून पाहिला. "उजव्या हातानं सरकी काढनं बंद कर. रोज तेल लाव. ह्या बोटाईले आंधळ्यावानी पाहता आलं पाह्यजे."

शेवटी चार हत्यारं ठरली. एक चपटी पट्टी, टोकाशी काटकोनात वळलेली. ती भोकात घालून कुलूप फिरतं त्या बाजूला हलका ताण धरायचा, जोर नाही, नुसता ताण. एक आकडी. एक सरळ, टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढी उंचावलेली. आणि मधे चीर असलेली एक पट्टी, देशी कुलपाच्या आतल्या पात्या दाबायला. कुलूप बदललं तर असावी म्हणून. "नव्या मानसाले चार पुष्कळ झाले," तो म्हणाला. "लय हत्यारं असली का मानूस कुलपाचं आयकत नाई, हत्यारंच बदलत बसते."

माझा डोळा अजून पितळी मुठीवरच होता. तो म्हणाला, "थे गिऱ्हाइकाले दाखवाले ठेवलं हाये. मी बी वापरत नाई." त्याची बायको हसली. त्या दिवसांत कोणी हसलेलं मला तेवढंच आठवतं.

सरावाला त्यानं एक जुनं कुलूप दिलं. दुपारी सगळे शेतात गेले की मी गोठ्यात बसायची. पट्टीवर माझा जोर जास्त पडायचा आणि आतलं सगळं घट्ट धरून राहायचं. दर आठवड्याला मी त्याला जाऊन सांगायची, तो म्हणायचा, "कमी कर." मी कमी करायची. तो म्हणायचा, "अजून कमी." पोळ्याच्या सुमाराला एके दिवशी आत काहीतरी हललं आणि कडी सुटून माझ्या मांडीवर पडली. बैल कडबा खात उभे होते. मी त्यांच्यासमोर ओक्साबोक्शी रडले.

मग दुसरं कुलूप, मग तिसरं. पण पावसानं रस्ते गेले होते, निंदणीला माणूस पुरत नव्हतं, आणि अकोल्याची गाडी मिळायला दिवाळी झाली. आखाजीपासून दिवाळी. हे महिने मी आयुष्यभर मोजत आले आहे. मी तो जाड तुकडा आणि तो चकचकीत तुकडा निवडत बसले होते तेवढा वेळसुद्धा.

दिवाळीनंतर चुलता पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन निघाला, त्याच्याबरोबर मी गेले. भाटवा बाजारात होता. दुपारी म्हातारीनं भाचीला शेजारी खेळायला धाडलं, बाईला ताट दिलं, कुलूप लावून घेतलं आणि ओसरीवर झोपली. किल्ली आता दुपारची तिच्या उशाखाली असायची. कुलूप तेच होतं.

मी चंची उघडली. आधी दाराला कपाळ टेकून उभी राहिले. मग पट्टी घातली, ताण धरला, सरळ हत्यार घातलं. काही होईना. आकडी घेतली. म्हाताऱ्याचं "अजून कमी" आठवलं आणि बोट जवळजवळ उचललंच. कुलूप सुटलं.

दार ढकललं तर बाई समोर बसलेली. मी तिला ओळखलं ते नाकावरून. केसांच्या जटा झाल्या होत्या, मनगटं माझ्या दोन बोटांत मावतील एवढी. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"चाल," मी म्हटलं. "काकाची गाडी नदीपाशी उभी हाये."

"मले उनात बसू दे," ती म्हणाली.

ती अंगणात आली. ऊन डोळ्यांना सोसेना म्हणून पदर ओढून बसली. मी तिला घाई करत होते, पण ती पाय लांब करून नुसती त्यांच्याकडे बघत होती. म्हणाली, "पोरगी येते रोज. बुढी झोपली का शेजारून पयत येते. दारापाशी बसते. मी तिले गोष्ट सांगतो. आखाजीनंतर सुरू झालं. आधी तिले येऊ देत नोते. आता मले वेळ कसा जाते समजत नाई."

"तिले बी घेऊ," मी म्हटलं.

तेवढ्यात भाची कुंपणाच्या फटीतून आत आली. चार वर्षांची, कंबरेला काळा गोफ, हातात बोरं. बाई उठली. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि लेकीचं नाव घेतलं.

पोरीनं त्या जटांकडे, त्या हातांकडे पाहिलं. बोरं तिच्या हातातून खाली पडली. ती किंचाळली नाही. मागे सरत सरत गेली आणि माझ्या पायांना मिठी मारून माझ्या लुगड्यात तोंड लपवलं. मला ती सकाळपासूनच ओळखत होती. आपल्या मायला वर्षभर तिनं पाहिलेलं नव्हतं.

"मी हावो ना बापा," बाई म्हणाली. "तुई माय."

पोर अजूनच घट्ट चिकटली. बाई एक पाऊल पुढे आली, तशी ती माझ्या मागे सरकली.

बाई थांबली. पुढे केलेले हात तिनं खाली घेतले. मग मागे वळली, खोलीत गेली आणि आतून दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं आतून आवाज आला, रोजच्यासारखा असावा, अगदी हळू: "आज बोरं आनले का?"

भाचीनं लुगड्यातून तोंड काढलं. दाराकडे गेली, मातीतली बोरं वेचली आणि दाराला पाठ लावून बसली. "माय," ती म्हणाली, "अंगनात एक बाई आली."

"कोन आली?"

"माईत नाई. मले भेव लागलं."

"आता गेली थे," बाई म्हणाली. "भेऊ नको."

मी दाराच्या फटीशी तोंड नेलं. "बाई, चाल ना. पोरगी रुळून जाईन, मी हाये. दोन दिवसांत वयखीन तुले."

"आपल्या बापानं परत धाडलं तर?" ती म्हणाली. "मंग मले याच्याहून आत ठेवतीन. पोरीले दारापाशी बी येऊ देनार नाई." तिनं आतून दार घट्ट ओढून धरलं. "कुलूप लाव गं. बुढी उठीन."

मी लावलं. उघडायला मला सहा महिने लागले होते, लावायला नुसतं दाबलं. माझ्या पायाशी बसून भाची बोराच्या बिया दाराखालच्या फटीतून आत सरकवत होती, कारण आतल्या आवाजानं तिला तसं सांगितलं होतं.

मी ठरवलं होतं की पुन्हा पुन्हा यायचं, पोर झोपली असताना बाईचे केस विंचरायचे, तिला जरा माणसात आणायची आणि मग दोघींची गाठ घालायची. माघात गेले, तर दाराला वेगळंच विलायती कुलूप होतं. चारही हत्यारं लावून पाहिली, कुलपाला काहीच फरक पडला नाही. म्हाताऱ्याला त्याचं वर्णन सांगितलं, तर तो म्हणाला, "याचं मले बी येत नाई, पोरी." तेव्हापासून मी जायची ती दारापाशी बसून बोलायला. मी एका अंगाला, भाची दुसऱ्या अंगाला.

मग ती दूरची लढाई संपली म्हणे. भाव असे पडले की अकोल्याच्या बाजारात माणसं ढिगांजवळ नुसती बसून असायची. भाटव्याची अडत बुडाली. म्हातारी त्याच हिवाळ्यात गेली. घरातली भांडी गेली, बैल गेले, ओसरीचे खांबसुद्धा विकले. एकदा मी गेले तर खोलीला कुलूपच नव्हतं. भाटव्याला विचारलं. तो म्हणाला, "कावून लावू? कोनासाठी?" कोणत्या दिवशी काढलं, तेही त्याला आठवत नव्हतं.

बाई तरी आतच राहायची. पण दार अर्धं उघडं असायचं आणि ती उंबऱ्याच्या आत, भाची उंबऱ्याबाहेर, अशा दोघी बसायच्या. मी विंचरायला घेतलं, तर जटा निघेनात; शेवटी केस कापले. भाचीनं ते कापलेले केस पाहिले आणि मग आईच्या डोक्याकडे. म्हणाली, "आता बरी दिसते." पुढच्या पावसाळ्यात, श्रावणात, ती उंबऱ्यावर बसायची, पाय आत सोडून, आणि बाई तिच्या पायांना धरून असायची.

एवढंच त्यांना मिळालं. भादव्यात ताप आला आणि बाई चार दिवसांत गेली. आम्हाला खबर लागली ती तेराव्यानंतर, एका गाडीवानाकडून. मायनं रडताना बापाकडे एकदाच पाहिलं. त्यानंतर ती त्याच्याशी कधी फारशी बोलली नाही.

भाटव्यानं पोरीला माझ्याकडे द्यायला काही आढेवेढे घेतले नाहीत. तिचं गाठोडं त्यानंच बांधून ठेवलं होतं. वाटभर तिनं एक शब्द काढला नाही. मूर्तिजापूरजवळ गाडी थांबली तेव्हा मी भाकरी दिली, तिनं ती मुठीत धरून ठेवली आणि खाल्ली नाही. घरी आल्यावरही दोन दिवस तशीच. माय तिला जवळ घ्यायला गेली की ती भिंतीकडे सरकायची. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसून सरकी काढत राहिले आणि तिच्याकडे न बघता काहीबाही बोलत राहिले, शेताचं, बैलांचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या रेच्याजवळ येऊन उभी राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "पानी कुठी हाये?"

मी उठले आणि तिला रांजण दाखवला.